शमूनं न मारलेले गोल

शमू,

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘आक्रमक फुटबॉलपटूचे निधन’. मी तो पेपर नगरजवळच्या नागापूरला फॅक्टरीच्या कँटीनमध्ये वाचला आणि शेजारी बसलेल्याला म्हणालो, हा माणूस आयुष्यात एकदा जरी आक्रमक झाला असता, तर निदान रेशनच्या रांगेत तरी पुढं गेला असता. मी मयताच्या अंगावर थुंकल्यासारखं त्या माणसानं माझ्याकडं बघितलं.

बातमीत पुढं होतं की तू देशात आणि परदेशात ‘गोलांचा पाऊस पाडलास’. शमू, तू स्टॉपर होतास. बॅकच्या फळीत मधोमध उभं राहायचं आणि समोरच्याला गोल मारू द्यायचा नाही, एवढंच तुझं काम. तू आयुष्यात एकच गोल मारलास, तो मुंबईत, आपल्याच जाळ्यात, माझ्या दोन पायांमधून. बातमी लिहिणाऱ्यानं फोन करून विचारलं असतं तर मी त्याला हे आनंदानं सांगितलं असतं. तुझ्यामागं गोलात मी उभा असायचो. रूथ वहिनींनी तुझं तोंड जेवढं बघितलं नसेल तेवढी तुझी पाठ मी बघितली आहे. आणि ती काही बघण्यासारखी नव्हती.

तुझी आणि माझी जोडी पंडित सरांनी लावली. नगरच्या मिशन शाळेत ते पीटी शिकवायचे. तू चर्चच्या मागच्या चाळीतला, दवाखान्याच्या ड्रायव्हरचा मुलगा. मी नेवाशाकडच्या खेड्यातून बोर्डिंगला आलेला, कांदा आणि उसाखेरीज काही न पाहिलेला. सरांनी तुला दोनदा पळवलं आणि म्हणाले, “हे पोरगं पळत न्हाई. पण ढकललं तरी हलत न्हाई. मागं उभं करा.” मग माझ्याकडं वळले. “नेवाशाचा ना तू? तुमच्याकडं माउली खांबाला टेकून बसले होते. जा, गोलच्या खांबाला टेक.” सगळं मैदान हसलं. तू हसला नाहीस. तेव्हा मला वाटलं, हा चांगला मुलगा आहे. नंतर कळलं की तुला विनोदच उशिरा कळतो.

तुझा खेळ म्हणजे हायवेवर बसलेली म्हैस. समोरचा फॉरवर्ड नाचत यायचा, खांदे उडवायचा, डावं दाखवून उजवीकडं वळायचा. तू नुसता उभा. जमिनीवर घसरून पाय घालणं तुला कमीपणाचं वाटायचं. तू अर्धं पाऊल सरकायचास, परत अर्धं, आणि तो बिचारा स्वतःच्याच हुशारीनं कडेला जाऊन पोचायचा. तिथं त्याला ध्यानात यायचं की बॉल बाहेर गेलाय. टाळ्या कोणीही वाजवायचं नाही, कारण घडलेलं काहीच नसायचं. मागून माझं तोंड मात्र चालू. “शम्या, डावीकडं बघ. अरे मेल्या, जिवंत हायस का?” तू कधी उलट बोलला नाहीस. मॅच संपली की शेंगदाणे खात म्हणायचास, “दत्त्या, तू लई बडबडतोस.” तुझ्या आईनं एकदा मला बोलावून विचारलं होतं, “तू त्याला मैदानात शिव्या देतोस म्हनं?” मी म्हणालो, “मावशी, झोप लागू नये म्हणून देतो.” त्या म्हणाल्या, “मग दे बाबा. घरी बी तो असाच असतो.”

मुंबईत आपण एकाच क्लबकडून खेळलो, एकाच खोलीत आणखी चौघांबरोबर राहिलो. तिथला एक बॉल, तुझ्या त्या गोलाचा नव्हे, दुसरा, तू मरेपर्यंत विसरला नाहीस आणि मीही विसरलेलो नाही. ती मॅच जिंकलो असतो तर क्लब वरच्या डिव्हिजनला गेला असता. चिखल होता. उंच बॉल आला, आपल्या दोघांच्या बरोबर मध्ये. मी ‘माझा’ म्हणून हाक दिली. तरी तू पुढं आलास आणि थांबलास. मग मी थांबलो, आणि त्यांचा एक टिल्लू पोरगा मधून आला आणि डोकं लावून गेला. पुढची वीस वर्षं तू म्हणत राहिलास, “तू हाक दिलीच न्हाई.” लग्नात, बारशात, तुझ्या आईच्या मातीला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा. शमू, तू आता नाहीस म्हणून मी नमतं घेईन असं कोणाला वाटत असेल तर त्यानं ते डोक्यातून काढावं. मी हाक दिली होती. तुला ऐकू आली नसेल तर तो तुझ्या कानांचा प्रश्न होता.

त्याच मोसमात माझी दोन बोटं मोडली आणि नीट जुळलीच नाहीत. मी घरी आलो, आयटीआयचा कागद धूळ झटकून बाहेर काढला आणि नागापूरला फिटर म्हणून लागलो. तू गोव्याला गेलास. मग मालदीवच्या एका क्लबला आशियातला परदेशी खेळाडू हवा होता, त्यांनी तुला नेलं. तालुक्यात कोणाला मालदीव कुठं आहे हे माहीत नव्हतं. काहींना वाटलं तू दुबईला गेलास, आणि तू परत येईपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं.

तिथून तू फोन करायचास. दुसरा कोणी असता तर समुद्राचं वर्णन केलं असतं. तू म्हणालास, “दत्त्या, चारी बाजूंनी पानी हाय. चालायला निघालं की थोड्या वेळानं परत तितंच.” नंतर मासा. सकाळी मासा, दुपारी मासा. रविवार कामाचा दिवस, चर्च नाही. पण खेळ चांगला चालला होता, हे तू न सांगताही मला कळत होतं, कारण तू खेळाची तक्रार करत नव्हतास. दोन मोसम झाले. क्लबनं आणखी ठेवून घेतो म्हटलं. आपल्या अख्ख्या जिल्ह्यातून असं कोणाला विचारलं गेलं नव्हतं. आणि तू बॅग भरून नगरला आलास.

का आलास, हे तू प्रत्येकाला वेगळं सांगितलंस. पेपरवाल्याला गुडघा. आईला मासा. पाळकसाहेबांना रविवार. मी चिडलो होतो आणि विचारत नव्हतो. एकदा फॅक्टरीच्या गेटसमोर चहा पिताना तूच सुरू केलंस.

“तितला गोलकीपर लई भारी हुता,” तू म्हणालास. “उंच. कधी चुकायचा न्हाई.”

“मग?”

“बोलायचा न्हाई. मागं नुसती शांतता. मी सारखं वळून बघायचो, हाय का गेला.”

“त्यात काय?”

“काय न्हाई. सवय न्हाई मला. मागनं कोनतरी वरडाया पायजे.”

मी चहा अर्धा टाकून उठलो. उठताना म्हणालो ते तुझ्या लक्षात असेल. माणूस पाय मोडला म्हणून परत येतो, आई आजारी म्हणून येतो, हाकलला म्हणून येतो. मागून कोणी शिव्या देत नाही म्हणून परदेशातली नोकरी सोडून येणारा तू जगातला पहिला प्रोफेशनल असशील, आणि हे परत कोणाला सांगू नकोस, दोघांचीही अब्रू जाईल. तू शांतपणे माझा उरलेला चहा प्यायलास. तू गंमत करत होतास का खरं बोलत होतास, हे मी परत कधी विचारलं नाही. तुझं तोंड बघून ते कळलं नसतं. पाठ बघून कदाचित कळलं असतं.

परत आल्यावर तू जे केलंस त्याबद्दल मात्र मी तुला जिवंतपणी पुरतं बोललो आहे, तरी परत बोलतो. क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांनी तुला सत्काराला बोलावलं आणि तू गेलास. मग परत बोलावलं, परत गेलास. गणपती, जयंती, कबड्डी, कुस्ती, चित्रकला स्पर्धा, जिथं स्टेज असेल तिथं कडेच्या खुर्चीवर तू. ‘आंतरराष्ट्रीय खेळाडू’. ज्या माणसाला ऑफसाइड म्हणजे काय हे माहीत नाही, त्याच्या हातून तू नारळ घेत होतास. घरी शालींचा ढीग झाला. रूथ वहिनी त्यातली एक स्कूटरवर टाकायच्या, एक पाण्याच्या मोटारीवर. त्या तुझ्यापेक्षा शहाण्या.

“तू शोभेचा दगड झालायस,” मी म्हणालो.

“मैदान त्यांच्या हातात हाय, दत्त्या. मला मुलींना फुटबॉल शिकवायचाय. भांडून मैदान मिळत न्हाई.”

“आणि खुर्चीत बसून मिळतं?”

“बघू.”

तुझं हे ‘बघू’ मला सगळ्यात जास्त चीड आणायचं. मी मंडळाच्या ऑफिसात जाऊन भांडून आलो. मैदानावर प्रदर्शन लागलं तेव्हा खड्डे बुजवा म्हणून आरडाओरडा केला. मला त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. तू म्हणालास, “तू समद्यांना तुच्छ समजतोस. माणसाला ते दिसतं.” मी म्हणालो, दिसावं म्हणूनच समजतो.

फक्त एकदा तुझ्या त्या सत्कारांतून काही बरं निघालं. शिंगणापूरला दुकानदारांनी स्पर्धा भरवली होती. अध्यक्ष तुला प्रमुख पाहुणा म्हणून घेऊन गेले. पहिली किक मारायची आणि मंडपात बसायचं. मी स्कूटरवर मागून आलो होतो, तुझी फजिती बघायला. एका बाजूला तेल आणि पूजेचं साहित्य विकणाऱ्या पोरांची टीम होती. त्यांच्या बॅकच्या फळीतून बैलगाडीसुद्धा निघून गेली असती. तू खुर्चीत चुळबुळ करायला लागलास. मग उठून माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, “दत्त्या, ह्या गावात घरांना दारं न्हाईत ते ठीक हाय. गोलला तरी असावं.” तुझ्या तोंडून वेळेवर आलेला हा एकमेव विनोद. त्यांचा एक बॅक पाय मुरगळून बाहेर आला, आणि तू शाल माझ्या हातात दिलीस, पँट दुमडलीस आणि अनवाणी आत गेलास.

तू तेव्हा चाळिशी ओलांडलेला. पोट सुटलेलं. आणि उरलेल्या वेळात त्या बाजूनं एक बॉल आत आला नाही. पोरांना तू हातानं फक्त दाखवत होतास, इथं उभा राहा, तिथं उभा राहा. मंडपात भाषणाची वेळ झाली, अध्यक्ष नारळ हातात धरून रिकाम्या खुर्चीकडं बघत होते. मी शाल खांद्यावर टाकून गोलच्या मागं गेलो आणि ओरडलो, “शम्या, डावीकडं.” तू मागं न बघता हात वर केलास. शमू, मी आजवर कोणाचे फारसे आभार मानलेले नाहीत. त्या दुपारचे मानतो.

आणि शेवटी तुला मैदान मिळालं, हेही लिहायला हवं. पूर्ण नाही. भिंतीकडचा एक कोपरा, सकाळचे दोन तास. एवढ्या शाली, एवढे नारळ, आणि त्याच्या बदल्यात कोपरा. मी तोंडावर हसलो. तू दुसऱ्याच दिवशी नागापूरच्या कामगारांच्या मुली गोळा करून तिथं उभा होतास. माझ्या भांडणांतून कोपराही आला नव्हता, हे तू मला कधी ऐकवलं नाहीस. ऐकवायला हवं होतंस. मी ऐकवलं असतं.

तुझ्या छातीत दुखत होतं हे तू मला सांगितलं नाहीस. वहिनींना म्हणालास गॅस आहे. दुखतं, एवढा एक शब्द. आयुष्यभर माझी बडबड ऐकलीस, एकदा स्वतः बोलायचं होतंस. वहिनींचा फोन आला तेव्हा मी मशिनीवर होतो. दवाखान्यात पोचलो तेव्हा तू पांढऱ्या चादरीखाली होतास आणि वहिनी बाकावर बसून होत्या. म्हणाल्या, “सकाळी मैदानावरून आले, बूट काढले आणि पडले.” मला तुझा इतका राग आला की मी बाहेर जाऊन भिंतीला टेकलो.

मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, गीत झालं. सगळे एक-एक मूठ माती टाकत होते. मी पुढं गेलो आणि खाली बघितलं. पहिल्यांदाच तुझी पाठ माझ्याकडं नव्हती. काय बोलावं ते सुचलं नाही. मी, आणि सुचलं नाही.

मग शोकसभा. मंगल कार्यालयात. स्टेजमागं भिंतभर फ्लेक्स, त्यावर तुझं डोकं आणि खाली दुसऱ्याच कोणाचं तरी अंग, हवेत आडवं होऊन बॉल मारणारं. तू हवेत आडवा. तू खाटेवर आडवा व्हायचास तेसुद्धा विचार करून. माइकवर एकामागून एक येऊन गेले. एकानं तुला ‘गोलमशीन’ म्हटलं. एक म्हणाला, तुझे परदेशातले गोल त्यानं टीव्हीवर बघितलेत. मग अध्यक्ष उठले आणि त्यांनी जाहीर केलं की यंदापासून स्पर्धेत सर्वाधिक गोल मारणाऱ्या खेळाडूला तुझ्या नावाचा स्मृतिचषक देण्यात येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत.

मी उठलो. “साहेब, त्यानं गोल मारलेला न्हाई.”

“दत्ताभाऊ, आम्ही तुमच्या भावना समजू शकतो.”

“भावना न्हाई, माहिती हाय. एकही न्हाई मारला.”

मागून कोणीतरी म्हणालं, बसा खाली, मयताचा तरी मान ठेवा. दोघांनी माझा दंड धरला. आणि पुढच्या रांगेत वहिनी हसल्या. हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तू गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसत होत्या. मग उभ्या राहिल्या.

“दत्ताभाऊ खरं सांगतात. ह्यांनी गोल मारलेला नाही. त्या कपावर ह्यांचं नाव नको.”

“वहिनी, कप तयार आहे. नाव कोरून झालंय.”

“मग तो तुमच्याकडं ठेवा. मला दुसरं पाहिजे. ह्यांच्या मुलींना सकाळी मैदान मिळतं. प्रदर्शन लागू दे, जत्रा भरू दे, ते बंद होणार नाही असं सांगा.”

“त्याचं आपण मीटिंगमध्ये नक्की...”

“आत्ता सांगा, साहेब. सगळे बसलेत.”

आवाज चढलेला नव्हता. त्या जागच्या हलत नव्हत्या एवढंच. अध्यक्षांनी फोटोग्राफरकडं बघितलं, पाळकसाहेबांकडं बघितलं, बाहेर पडायला कुठूनच वाट दिसेना. शेवटी म्हणाले, “बंद होणार नाही.” वहिनी म्हणाल्या, “माइकवर.” त्यांनी माइकवर सांगितलं. मी इतकी वर्षं त्या माणसाशी भांडलो, तू इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसलास, आणि रूथ वहिनींनी त्याला चहा थंड व्हायच्या आत कडेला नेऊन सोडलं. आपण दोघंही फुकट गेलो, शमू.

मैदान अजून तरी चालू आहे. मी दुसरी पाळी मागून घेतली आणि सकाळी जातो. तुझ्या मुलींना मी आवडत नाही. त्यांतली एक मला म्हणाली, “सर, तुमी लई वरडता. शमू सर कायच बोलायचे न्हाईत.” ती स्टॉपरला खेळते. तू तिला चांगलंच बिघडवून ठेवलंयस. पळत नाही, घसरत नाही, नुसती उभी राहते आणि समोरची पोरगी बॉल घेऊन बाहेर. मी तिला बरंच बोललो. जागा मात्र बदललेली नाही.

शोकसभा संपल्यावर मंडपवाल्यानं विचारलं, हा फ्लेक्स कोण नेणार. वहिनींनी मान हलवली. अध्यक्ष कधीच निघून गेले होते. मी तो गुंडाळून गावाकडं नेला, थोरल्या भावाच्या कांद्याच्या ढिगावर टाकायला. त्यानं उलगडून बघितला, तुझं डोकं बघितलं, आणि खालचं ते आडवं अंग बघितलं. तो तुला ओळखत होता. मग दोन बोटांत कोपरा धरून म्हणाला, “जाड हाय. लवकर फाटायचा न्हाई.”

गेल्या काही दिवसांत तुझ्याविषयी जिल्ह्यात जे काही बोललं गेलं, त्यातलं मला हे एवढंच पटलं.